आरशातला अकरावा

चुना संपला होता, म्हणून त्या सकाळी धनराज मोहुर्ले स्वतःच मोटरसायकल काढून घुग्घुसच्या बाजारात गेला. मार्चचा शेवटचा आठवडा. आठ वाजले नव्हते, तरी रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती, आणि रात्रपाळी संपवून परतणाऱ्या माणसांचे चेहरे डोळ्यांपुरतेच दिसत होते. धनराजनं तोंडाला दुपट्टा गुंडाळला, पोतं टाकीवर आडवं घातलं आणि सावकाश परत निघाला. त्या दिवशी आंधळ्या जागेचा धडा होता, आणि तो धडा चुन्याशिवाय शिकवता येत नाही.

केंद्र एका ठेकेदाराचं होतं. मुरमाच्या जुन्या खाणीला लागून पत्र्याचे दोन हॉल, एक स्टोअर, एक स्वयंपाकघर आणि चार एकरांचं सपाट मैदान. फोर्कलिफ्ट, जेसीबी, डंपर चालवायला इथं शिकवत, सुरक्षेची परीक्षा घेत आणि पास होईल त्याला सर्टिफिकेट देत. सर्टिफिकेट हातात आलं की त्याच ठेकेदाराच्या एखाद्या गाडीवर काम ठरलेलं असे. धनराज तिथला शिकवणारा आणि परीक्षकही. त्याआधी बावीस वर्षं त्यानं कोळशाच्या खाणीत डंपर चालवला होता. पाठीच्या मणक्यानं साथ सोडली तेव्हा खाली उतरला. बावीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कुत्रंसुद्धा आलं नाही. पण हे तो कोणाजवळ बोलत नसे. बोललं की दृष्ट लागते, असं त्याला मनातून वाटे.

आंधळी जागा म्हणजे डंपरच्या भोवतीची ती जागा, जी वर बसलेल्या चालकाला दिसतच नाही. डंपरची खुर्ची दोन पुरुष उंचीवर. समोरच्या चाकाला टेकून माणूस उभा राहिला, तर चालकाला तो दिसत नाही, त्याची टोपी दिसत नाही, त्याची सावलीसुद्धा दिसत नाही. डाव्या अंगाला तर सहा-सात पावलांपर्यंत काहीच नाही. हे सांगून पोरांना पटत नसे. म्हणून धनराज चाकांना लाकडी ओंडके लावी, किल्ली काढून आपल्या खिशात टाकी, चुन्यानं गाडीभोवती आखणी करी आणि सगळ्यांना त्या आखणीत उभं करी. एकानं वर बसायचं आणि समोरची काच, दोन्हीकडचे आरसे पाहून कोण कोण दिसतं ते नंबरानं सांगायचं. प्रत्येकाच्या पिवळ्या टोपीवर पुढून मोठा नंबर इंग्रजी आकड्यांत रंगवलेला असे. नऊजण उभे असताना वरचा म्हणे, "सर, तीनच दिसून राह्यले." मग बाकीचे सहाजण चाकांजवळून पुढं येत, आणि वर बसलेल्याचा चेहरा उतरे. तो उतरलेला चेहरा हाच धनराजचा धडा.

त्या तुकडीत दहाजण होते. नऊ पोरं आणि एक मुलगी, करिश्मा पुंगाटी. भामरागडच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, बावीस वर्षांची. बोलायला कमी, पण एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. तिचा नंबर चार.

धनराजनं तिलाच पहिल्यांदा वर चढवलं.

"कोण कोण दिसते, सांग."

"दोन नंबर दिसते सर. उजव्या आरशात सात नंबर." नंबर आरशात उलटे दिसत, म्हणून ती थांबून थांबून वाचत होती. "डाव्या आरशात... मागं अकरा नंबर."

"अकरा नाई या तुकडीत. नीट पाह्य."

"अकराच हाये सर. तो उलटा बी अकराच दिसते. मुरमाच्या ढिगाजवळ उभा हाये. हात आडवे करून."

दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन एकमेकांवर आडवे धरायचे, ही थांबण्याची खूण. पहिल्याच दिवशी धनराज ती शिकवत असे. ती खूण साहेबानं दिली काय, रस्त्यानं जाणाऱ्यानं दिली काय, गाडी जागच्या जागी थांबलीच पाहिजे.

धनराजनं मागं वळून पाहिलं. मुरमाचा ढीग उन्हात तापत पडला होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. कोणी येऊन गेल्याचं पाऊलही नव्हतं. सकाळीच मैदानावर पाणी मारलं होतं आणि ढिगाकडच्या ओल्या मातीवर फक्त धनराजचे बूट उमटले होते.

"उतर खाली," तो म्हणाला. "विनोद, तू चढ."

विनोदला काही सांगितलं नव्हतं. तो गाडीच्या पलीकडच्या अंगाला उभा होता. वर बसून त्यानं आरशात दोनदा पाहिलं.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "मागं कोणाले उभं केलं तुमी?"

मग धनराज स्वतः चढला. पाठ कुरकुरली. खुर्चीवर बसून त्यानं एक श्वास घेतला, डिझेलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा तो ओळखीचा वास, आणि डाव्या आरशात नजर टाकली. तो तिथं होता. पिवळी टोपी, तिच्यावर अकरा. अंगात केशरी जाकीट. पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली. चेहरा टोपीच्या सावलीत बुडालेला. हात डोक्यावर आडवे. बाकी सगळं मैदान उन्हानं थरथरत होतं, तो मात्र थरथरत नव्हता. धनराजनं मान बाहेर काढून मागं पाहिलं. ढीग. पुन्हा आरशात पाहिलं. तो.

त्या दिवशीचा धडा त्यानं तिथंच संपवला.

दुपारी तो स्टोअरमध्ये गेला. स्टोअर सांभाळणारा मनसाराम खुर्चीत पेंगत होता. अकरा नंबरची टोपी फळीवर होती, प्लास्टिकच्या पिशवीत, कधी कोणाच्या डोक्यावर न चढलेली. धनराजनं ती हातात घेतली आणि परत ठेवली.

स्वयंपाकघरात देवकाबाई भाकरी थापत होत्या. केंद्राची जमीन सपाट झाली तेव्हापासून त्या इथं पोरांचा स्वयंपाक करत. धनराजनं त्यांना आडून आडून विचारलं.

"इथी कोणी मेलं नाई, धनराजभाऊ," त्या म्हणाल्या. "मले माहीत नसतं का?"

"गाडीखाली? जुनी, लिलावातली गाडी हाये ना. आधी कोणी?"

"ते तुमचं तुमी पाहा." त्यांनी भाकरी उलटली. पोरांनी सगळं आधीच सांगितलं होतं त्यांना. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मेलेलं माणूस बोलवते, भाऊ. ये म्हणते. हा तं थांब म्हणून राह्यला. थांब म्हणणारा मेलेला नसते."

गाडीचे कागद धनराजनं पाहिले. तिच्या नावावर एकही अपघात नव्हता. तरी देवकाबाईंनी दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकाशी नारळ फोडला, लिंबू ठेवलं, आणि पोरांनी हात जोडले. आरशातला माणूस गेला नाही. जो वर बसे त्याला तो दिसे. दोन दिवसांत पोरांना त्याची सवयही झाली. माणसाला कशाचीही सवय होते. वर चढलेल्याला खालचे दबल्या आवाजात विचारत, "हाये का?" आणि तो नुसती मान हलवी.

तिसऱ्या दिवशी चैतू आला.

चैतू मडावी मूळ यादीतलाच होता. पण आईला ताप भरला म्हणून मागं राहिला होता. करिश्माच्या पाड्यापासून त्याचा पाडा दीड कोसावर. सकाळच्या बसनं उतरला, पिशवी हॉलमध्ये टाकली आणि मनसारामनं दिलं ते जाकीट अंगात घालून, टोपी डोक्यावर चढवून मैदानावर चालत आला. नंबर द्यायचे ते ओळीनंच. दहा दिले गेले होते, पुढचा त्याला मिळाला. मैदानावरचे दहाजण बोलता बोलता गप्प झाले. करिश्मानं एकदा धनराजकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"उशीर झाला सर," चैतू म्हणाला. त्याच्या समोरच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे तो हसत नसतानाही हसल्यासारखा दिसे.

त्या दिवशी जो जो वर बसला, त्याला डाव्या आरशात मुरमाचा ढीग दिसला. नुसता ढीग. दुसरं कोणी नव्हतं.

पोरांना हायसं वाटलं. देवकाबाईंच्या नारळाला यश आलं म्हणाले. जो येणार होता तो आला, म्हणून आरसा रिकामा झाला, हे धनराजला मात्र कोणी न सांगता कळलं. आरशात आधी दिसलेलं हे पोर अजून जिवंत होतं, समोर उभं होतं, त्याला घाम येत होता, आणि ते विचारत होतं, "सर, मी कुठी उभा राहू?"

त्या संध्याकाळी धनराजनं ती टोपी काढून घेतली, रस्त्यापलीकडच्या नाल्यात नेऊन दगडानं फोडली आणि चैतूला नंबर नसलेली साधी टोपी दिली. चैतूनं कारण विचारलं नाही.

पोर कामाला मोठं चांगलं होतं. गावात ट्रॅक्टर चालवला होता त्यानं. गाडीवर चढण्याआधी भोवती एक फेरी मारायची असते. बाकीचे ती पायांनी मारत, हा हातानं मारी. प्रत्येक टायरवर तळवा ठेवी, जनावराच्या अंगावर ठेवावा तसा. पंधराव्या दिवशी त्यानं डंपर मागं घेत चुन्याच्या रेषेवर असा आणून लावला, की चाक आणि रेष यांत चार बोटांचं अंतर राहिलं. धनराजनं बावीस वर्षांत असा हात दोघा-तिघांचाच पाहिला होता. आणि जसजसा तो हात चांगला होत गेला, तसतशी धनराजची झोप कमी होत गेली. हा पास होईल. खाणीवर जाईल. आणि एक दिवस कुठल्यातरी ढिगाजवळ हात आडवे करून...

एकदा त्यानं ठरवून चैतूला बाजूला घेतलं.

"हे पाह्य बेटा. मोठ्या गाडीजवळ कधी उभा राहू नको. चाकाजवळ तं बिलकूल नाई."

"हो सर."

"मी खरं सांगून राह्यलो तुले. तुलेच सांगून राह्यलो."

चैतूनं त्याच्याकडे समजुतीनं पाहिलं. "सर, ते तं तुमी आमाले रोजच सांगता."

खरंच होतं. रोज सकाळी, प्रत्येक तुकडीला, हेच शब्द, याच क्रमानं. भिंतीवरही तेच लिहिलं होतं. खऱ्या भीतीसाठी त्याच्याजवळ वेगळे शब्द उरलेच नव्हते.

परीक्षेच्या दिवशी त्यानं चैतूला नापास केलं. बाकी दहाजण पास झाले. निकालाचा कागद भिंतीवर लावला तेव्हा चैतू त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग हॉलमध्ये आला.

"सर, माझी चूक काय झाली तेवढं सांगा."

धनराज टेबलावरचे कागद सारखे करत राहिला.

"म्हणजे पुढल्या खेपेला नाई करणार. हॉर्न दिला होता मी. आरसे पाह्यले. उतारावर गिअर..."

"उतारावर चुकला तू."

"उतार परीक्षेत नव्हता सर."

बाहेर कोणीतरी फोर्कलिफ्ट मागं घेत होतं. तिचा पीं पीं आवाज पत्र्यावर आपटून आत येत होता. चैतूनं तो आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली. मग चैतू खाली वाकला, धनराजच्या पायाला हात लावला आणि पिशवी उचलून निघून गेला. देवकाबाईंनी त्याच्याजवळ भाकरी बांधून दिली. धनराजला वाटलं, जाऊ दे. पोर घरी जाईल, ट्रॅक्टर चालवेल, मला शिव्या देईल, पण जगेल.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात करिश्माचा फोन आला. गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीच्या वरच्या अंगाला, ठेकेदाराला रस्त्याचं काम मिळालं होतं. केंद्रावरचा जुना डंपर तिकडं पाठवला होता, आणि त्या गाडीवर शिकलेली म्हणून करिश्मालाच त्याच्यावर बसवलं होतं.

"चांगलं चालू हाये सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात क्वचितच असा आनंद असे. "आन चैतूले बी लावून देलं मी इथी. घरी नुसता बसून होता. सर्टिफिकेट नाई म्हणून गाडी नाई भेटत, पर सिग्नल दाखवाले सर्टिफिकेट लागत नाई ना. माझ्याच गाडीले सिग्नल दाखवते."

धनराज पलंगावर बसला.

"टोपी... टोपी कोणती देली त्याले?"

"टोपी? हेच, पिवळी. इथल्या बाबूनं यादी केली, तशी देली."

"नंबर काय हाये तिचा?"

फोनवर नुसती खरखर आली. मग ती म्हणाली, "सर, आरशात आता कोणीच दिसत नाई. मी रोज पाह्यते." आणि फोन तुटला. जंगलात टॉवर नव्हता धड.

त्या दुपारी धनराजला समजलं की त्यानं काय केलं. डंपरच्या भोवताली सगळीकडे मरण असतं. एकच जागा सुरक्षित असते, ती वरची खुर्ची. त्या खुर्चीवर हे पोर बसू शकलं असतं. तिथून त्यानं स्वतःच्या हातानं त्याला उठवलं होतं आणि चाकापाशी नेऊन उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो चंद्रपूरला ठेकेदाराच्या मॅनेजरकडे गेला. चैतू मडावीला सिग्नलवरून काढा, कुठंही लावा, म्हणाला.

"कारण काय, मोहुर्ले?"

"मुलगा तयार नाई हाये अजून."

"सिग्नलला काय तयारी लागते? तुम्हीच तर शिकवलं ना त्याला?" मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं एक कोरा कागद पुढं सरकवला. "बरं, कारण लिहून द्या. आजच काढतो."

धनराजनं पेन हातात घेतलं. पंख्यानं कागदाचं टोक फडफडत होतं. त्यानं तारीख लिहिली, चैतूचं नाव लिहिलं, त्यापुढं 'याला' असं लिहिलं. त्यानंतरचा शब्द त्याला कोणत्याही भाषेत सापडला नाही. अर्ध्या तासानं मॅनेजर जेवायला उठला.

मग त्यानं शेवटचा मार्ग धरला. चैतूला फोन लावला. तीन दिवस लागतच नव्हता, चौथ्या दिवशी लागला. परीक्षा पुन्हा घेतो म्हणाला. पास करतो असंही म्हणाला, जे परीक्षकानं कधी म्हणू नये.

"कधी येऊ सर?"

"उद्या ये. आजच निघ."

"उद्या नाई सोडत सर. शनिवार हाये, काम जोरात हाये. सोमवारी सुट्टी भेटते." चैतूचा आवाज आनंदानं फुलला होता. "मले वाटलंच होतं सर, तुमी बोलावान."

"चैतू, उद्या कामावर नको जाऊ. अंग दुखते म्हणून सांग."

"हो सर," तो म्हणाला, जसं रोज म्हणत असे.

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता चैतू गेला.

धनराज गडचिरोलीला पोचला तेव्हा करिश्मा सरकारी दवाखान्यात होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण ती उभी राहत नव्हती, म्हणून तिला तिथं ठेवलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी एक महिला शिपाई बसली होती. फिनाईलच्या वासात, पंख्याखाली, करिश्मा भिंतीकडे पाहत बोलली. एकदाच बोलली, आणि सगळं ओळीनं बोलली, शिकवल्यासारखं.

"गाडी भरली सर. चाकाले ओंडका होता. मी हॉर्न दिला. दहा मोजले. मागं घ्यायची होती. डाव्या आरशात पाह्यलं, तं चैतू उभा होता. दूर. हात आडवे करून. थांब म्हणे. मी थांबली."

"तो चैतूच होता?"

"चैतूच होता. तोंड दिसलं मले. दात दिसले." तिनं ओठ ओले केले. "मी लई वेळ थांबली. तो हात खालीच नाई करे. मले वाटलं, मागं खड्डा असन काही. मागं नाई जायचं म्हणते, तं पुढून वळवून घ्यावी. तो तं ओंडका काढून मागं उभा हाये. मले दिसून राह्यला. म्हणजे समोर कोणी नाई. म्हणून मी गाडी पुढं घेतली."

महिला शिपाई खिडकीबाहेर पाहू लागली.

"तो समोरच्या चाकाचा ओंडका काढत होता सर. वाकून. डाव्या अंगाले. तुमी चुना टाकता ना... तिथी." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी आरशातल्याचं ऐकलं. थांब म्हटलं की थांबाचं, कोणी बी म्हणू दे, असं तुमीच सांगतलं होतं."

धनराज तिच्या पलंगाजवळ तसाच बसून राहिला. तिची चूक नव्हती. तिनं त्याचा एकूण एक नियम पाळला होता; थांबल्यावर पुढं काय करायचं, हे त्यानं शिकवलंच नव्हतं.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. चौकशीचे साहेब पुण्याकडचे होते, तरुण, नेटके. वही, टेप, कॅमेरा सगळं घेऊन आले होते. करिश्माला सर्टिफिकेट ज्यानं दिलं त्याला हजर ठेवावं, असं पत्र आलं, म्हणून धनराज एसटीनं गडचिरोलीला आणि तिथून ठेकेदाराच्या जीपनं त्या जागी गेला. दोन्हीकडे सागाचं जंगल, पानं गळून उघडं पडलेलं, आणि मधून लाल मातीचा रुंद पट्टा गेलेला. डंपर त्या दिवशी होता तसाच उभा ठेवला होता. चाकांना ओंडके, किल्ली साहेबांजवळ. मॅनेजर आणि हवालदार समोरच्या बाजूला झाडाखाली थांबले. बाकी माणसांना त्या दिवशी कामाला सुट्टी होती. अर्ध्या कोसात घर नव्हतं.

साहेबांनी करिश्माचा जबाब पुन्हा एकदा वाचला. "ती म्हणते, मागे डावीकडे, साधारण तीस पावलांवर तो उभा होता. ते शक्य नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण त्या आरशात तीस पावलांवरचा माणूस दिसतो का, एवढं मला पाहायचंय. तुम्ही तिथं उभे राहाल?"

त्यांनी एक वॉकीटॉकी धनराजच्या हातात दिला, दुसरा स्वतः घेतला आणि शिडीनं वर चढून खुर्चीवर बसले.

धनराज मोजत चालत गेला. एक, दोन, तीन... तिसाव्या पावलाला थांबला आणि गाडीकडे तोंड करून उभा राहिला. दुपारचे बारा वाजत आले होते. त्याची सावली पायांत गोळा झाली होती. समोर डंपरपर्यंत नुसती लाल माती, तापलेली, मोकळी. वारा नव्हता. झाडाखालच्या दोघांचं बोलणं इथपर्यंत येत नव्हतं.

हातातलं यंत्र खरखरलं.

"मोहुर्ले, थोडे उजवीकडे सरका. झाकले जाताय."

धनराज एक पाऊल सरकला. त्याच्या आणि गाडीच्या मधे झाकण्यासारखं काहीच नव्हतं.

"अजूनही नाही. तुमचा खांदाच दिसतोय फक्त. एक करा, त्यांनाच बाजूला व्हायला सांगा."

"कोणाले साहेब?"

"तुमच्यासमोर उभ्या आहेत त्या बाईंना."

धनराजनं मॅनेजर आणि हवालदार होते तिकडे पाहिलं. दोघंही झाडाखालीच होते. मग त्यानं आपल्यासमोर पाहिलं. उन्हानं हवा पाण्यासारखी हलत होती. तिच्यातून डंपरचं मागचं चाक स्पष्ट दिसत होतं, त्याच्या नक्षीत अडकलेल्या मुरमासकट.

"साहेब..." त्यानं यंत्र तोंडाजवळ नेलं. "कोण बाई हाये? कशी हाये दिसाले?"

"मला कसं कळणार? पाठ आहे ना माझ्याकडे. तोंड तुमच्याकडे आहे." साहेबांच्या आवाजात किंचित त्रासिकपणा आला होता, कामात कोणी मधे आलं की येतो तेवढाच. "गावातल्या असतील कोणीतरी. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरलेत त्यांनी, तुम्हाला थांबवतायत बहुतेक. तुमच्या ओळखीच्या वाटतात."

थांब म्हणणारा मेलेला नसतो, असं देवकाबाई म्हणाल्या होत्या; म्हणजे आरशातली ही बाई अजून जिवंत होती, तेव्हा चैतू होता तशी. त्याच्या मनातून बायकांचे चेहरे जाऊ लागले. घरी असलेली रुखमा, त्याची बायको. दवाखान्यातून कालच सुटलेली करिश्मा. भाकरी थापणाऱ्या देवकाबाई. नागपूरला दिलेली मुलगी, जिला पुढल्या महिन्यात दिवस भरत होते. चैतूची आई, जिच्या दारात जायचं त्याला अजून धाडस झालं नव्हतं. त्यातली जी कोणी असेल ती आत्ता त्याच्यापासून दोन पावलांवर उभी होती, त्याच्याकडे पाहत होती. साऱ्या जगात तिचा चेहरा पाहू शकेल असा तो एकटाच तिथं उभा होता, आणि त्याला लाल माती दिसत होती.

त्यानं हात पुढं केला. हाताला ऊन लागलं.

"कोण व्हय बाई तुमी?" तो अगदी हळू म्हणाला.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला.

"मोहुर्ले, त्या काहीतरी सांगतायत तुम्हाला. मान हलतेय त्यांची. ऐकून घ्या ना जरा, मी थांबतो."

धनराजनं कान दिला.